पंचवीस किलोचं पोतं

पोती आली त्या दुपारी मापआजी दारातल्या पायरीवर बसून पिशवीचा उसवलेला बंद टाचत होती. गल्लीच्या टोकाकडून चाकांची कुरकुर ऐकू आली म्हणून तिनं मान वर केली, तर लाकूडगिरणीतली ओंडके वाहायची हातगाडी हळूहळू घराकडे येत होती. पुढून सून ओढत होती, मागून लेक रेटत होता, आणि गाडीवर माणसाच्या उंचीएवढा माल दोरखंडानं करकचून बांधलेला होता. दोघंही घामानं निथळत होती. पण सुनेच्या तोंडावर असं काही तेज होतं, की म्हातारीला वाटलं, हिला वाटेत गुप्तधन सापडलं की काय.

‘काय गं हे?’

‘चार महिन्यांचं सामान, आई,’ सून म्हणाली. ‘तांदूळ, डाळ, मीठ, साखर, तेल, साबण, काड्यापेट्या, चहा. आता चार महिने दुकानाची पायरी चढायला नको.’

म्हातारीच्या हातातली सुई पिशवीत जायची ती बोटात गेली.

तसं बघितलं तर सुनेचं काही चुकलं नव्हतं. उन्हाळा लागला होता. वणव्याच्या भीतीनं रानातली झाडतोड चार महिन्यांसाठी बंद झाली होती, आणि ओंडकेच येईनात म्हणून गिरणी आठवड्यातून तीन दिवस फिरायला लागली होती. लेक गिरणीत करवतीवर होता. तो घरी यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत भुशानं माखून. म्हणून सगळे त्याला भुशाच म्हणत. आता आठवड्यातले चार दिवस तो स्वच्छ राहायला लागला होता, आणि त्याला स्वच्छ बघितलं की सून बोटांवर मजुरी मोजायला लागायची.

सून रोपवाटिकेत होती. ढिगातली माती पिशव्यांत भरायची, रोप लावायचं, रांगेत ठेवायचं. एका ढिगात किती पिशव्या भरतात हे ती नुसतं बघून सांगायची. ढीग स्वस्तात येतो आणि पिशवी महागात जाते, ही गोष्ट तिला कामावरच समजली होती. मग तिनं घरातही बघायला सुरुवात केली. पावशेर साखर, दोन काड्यापेट्या, अर्धा साबण, असं रोज सुटं आणायचं म्हणजे ढीग सोडून पिशव्या विकत घ्यायच्या. गिरणीनं काम कमी करताना मागची राहिलेली मजुरी एकदम हातावर ठेवली, तेव्हा तिनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन बाजारगावच्या घाऊक दुकानात गेली. येताना तिच्या कनवटीला जे उरलं होतं ते एका मुठीत मावलं असतं. पण घर भरलं होतं.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. फक्त दुकानाची ती पायरी सासूची होती, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मापआजीचं खरं नाव आता तिलाही कुणी हाक मारल्याशिवाय आठवत नसे, आणि त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. गुडघे गेले म्हणून पाणी आणणं सुटलं होतं. एकदा पदराला जाळ लागता लागता राहिला, तेव्हापासून सुनेनं तिला चुलीजवळ येऊ देणं बंद केलं होतं. घरात तिच्याकडे एकच काम उरलं होतं, ते म्हणजे दुकानात जाऊन सामान आणणं, आणि ते तिनं सरकारी नोकरीसारखं सांभाळलं होतं. रोज सकाळी दहाच्या सुमाराला केस चापूनचोपून ती निघायची. जवान माणसाला पाच मिनिटांची वाट, तिला पाऊण तास लागायचा, कारण वाटेत शिंपीण होती, सुताराचा कारखाना होता, नळावरच्या बाया होत्या. दुकानात पोचली की ती आधी काटा रिकामा उभा करायला लावायची. मग पारड्याच्या बुडाखाली हात फिरवून बघायची. मग दुकानदाराला म्हणायची, आता तू जरा लांब हो. या दुकानदाराच्या बापालाही तिनं असंच लांब उभं केलं होतं. बाप गेला तेव्हा जाताना पोराला म्हणाला होता म्हणे, की धंदा सांभाळ, आणि ती म्हातारी आली की हात मागे बांधून उभा राहा.

माल उतरायला संध्याकाळ झाली. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीतला कोरडा कोपरा एकच, आणि त्या कोपऱ्यात म्हातारीची खाट. तांदळाची पाच पोती खाटेच्या डोक्याशी रचली गेली, डाळ आणि साखर पायाशी. मीठ एका पोत्यापेक्षा कमी मिळतच नाही म्हणाले, म्हणून मिठाचंही अख्खं पोतं आलं होतं. ते खाटेखाली सरकवलं. तेलाचे दोन डबे उशीला लागून. बहात्तर साबणांचं खोकं कुठंच बसेना, ते शेवटी फळीवर तिच्या बरोबर नाकावर आलं. म्हातारी खाटेवर आडवी झाली तर तिला कूस बदलायला जागा नव्हती. साबणाच्या वासानं तिला शिंकांवर शिंका आल्या.

‘त्रास होतोय का आई?’ लेकानं बाहेरून विचारलं.

‘छे,’ ती म्हणाली. ‘गोदामात झोपायची सवय होईल हळूहळू.’

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिनं केस विंचरले, पिशवी काखेला लावली आणि रोपवाटिकेला निघायच्या घाईत असलेल्या सुनेपुढं जाऊन ती उभी राहिली. काय आणायचं विचारलं. सून म्हणाली, काही नको. मीठ? मीठ आहे. काड्यापेटी? त्याही आहेत, बारा डझन. मग सून थांबली, सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाली, ‘तुम्ही आयुष्यभर केलंत, आई. आता आराम करा.’

सून गेल्यावर म्हातारी पायरीवर बसली. आराम करायचा तर कसा करायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गल्लीतून एक कुत्रं गेलं. बऱ्याच वेळानं तेच कुत्रं परत आलं. अकरा वाजायच्या आत तिला वाटलं, दिवस मावळायला हवा होता एव्हाना.

तीन दिवस तिनं कळ काढली. चौथ्या दिवशी ती रिकामी पिशवी घेऊन दुकानात गेली. दुकानदारानं सवयीनं काटा रिकामा उभा केला आणि हात मागे बांधले. ती म्हणाली, आज काही नको, सहज आले. त्यानं तिच्याकडे बघितलं, हात सोडले, आणि तिला बसायला पोतं दिलं. वर पाण्याचा तांब्या पुढं केला. चाळीस वर्षांत त्या दुकानात तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं. तिथं ती पाणी प्यायला जात नव्हती, भांडायला जात होती. ती पोत्यावर बसून राहिली. गिऱ्हाइकं येत होती, सुटं सामान घेत होती, आणि दुकानदार तिच्या डोळ्यांदेखत पारड्याला अंगठा लावून तोलत होता. तिला बोलायचा अधिकार राहिला नव्हता. थोड्या वेळानं एक बाई तेल घ्यायला आली, तेव्हा तो अदबीनं म्हणाला, ‘आजी, जरा बाजूला सरता का? गिऱ्हाइकाला जागा हवी.’

घरी येईपर्यंत तिचा विचार पक्का झाला होता. दुकान बंद का झालं? सामान आहे म्हणून. सामान संपलं की दुकान सुरू.

तिनं साबणापासून सुरुवात केली. बहात्तर साबण म्हणजे काही थोडे नव्हेत, पण म्हातारीकडे वेळही थोडा नव्हता. आधी तिनं अंथरुणं धुतली, मग गोणपाटं, मग अंगणातली फरशी. मग घराची पायरी. मग शिंपिणीची पायरी. शिंपीण हातातली शिवण सोडून बाहेर आली, म्हणाली, आजी, माझी पायरी का धुताय? म्हातारी म्हणाली, दोन्ही पायऱ्या लागून आहेत, एक चकाकली की दुसरी कशीतरी दिसते. लेक सुट्टीच्या दिवशी घरी होता, त्याला तिनं पुढ्यात बसवून लहान पोरासारखं घासलं. तो चाळिशीला आलेला गडी, कानामागचं कातडं सोलून निघालं तरी काही बोलला नाही. आईला काम हवंय एवढं त्याला कळत होतं. त्यापुढं विचार करायचा त्याचा स्वभाव नव्हता.

मीठ अवघड होतं. मीठ असं उडवता येत नाही. जास्त घातलं तर तोंडावर कळतं. शेवटी तिनं वाटायला घेतलं. कुणी नळावर म्हणालं, मीठ संपलंय, दुकानात जायला हवं, की ही म्हणायची, कशाला जातेस, वाडगं घेऊन ये. पाच-सहा दिवसांत वाडगी घेऊन यायची रीघ लागली. आलेल्या बायकांना नुसतं मीठ देऊन घालवायचं तर बरं दिसत नाही, म्हणून चहा. चहा म्हटला की साखर. चूल पेटवायची म्हणजे काड्यापेटी. चुलीजवळ जायची तिला बंदी होती, पण सून सहा वाजेपर्यंत यायची नाही, आणि शिंपीण चहा छान करायची.

गंमत अशी झाली, की म्हातारीला सामान संपवायची घाई राहिली नाही. सकाळी दहा वाजता केस चापूनचोपून ती पायरीवर बसायची आणि साडेदहापर्यंत तिच्यापुढं तीन-चार बाया असायच्या. कुणाच्या पोरीचं कुठं जमतंय, सुताराचं आणि त्याच्या भावाचं कशावरून वाजलं, सगळं घरबसल्या कळायला लागलं. वाडग्यात मीठ घालताना ती काठोकाठ भरायची आणि वर एक चिमूट जास्त टाकायची. देणाऱ्याच्या बाजूला बसल्यावर माप कसं घालावं, हे ती त्या दुकानदाराला दाखवून देत होती. पण तो बघायला येत नव्हता, एवढंच शल्य होतं. म्हणून अधूनमधून ती पिशवी घेऊन दुकानावरून चक्कर मारून यायचीच.

तांदळाला मात्र तिनं हात लावला नाही. कुणी एकदोघींनी वाडगं पुढं केलं होतं. पण सामानाची उधळपट्टी वेगळी आणि घरच्यांच्या तोंडचा घास काढणं वेगळं, एवढं तिला कळत होतं. लेक तीन दिवस कामावर आणि चार दिवस घरी, हेही तिला दिसत होतं.

सुनेच्या डब्यात बरोबर एक किलो तांदूळ मावायचा. रोज एक डबा. पंचवीस किलोचं पोतं पंचवीस दिवस. पहिलं पोतं तेविसाव्या दिवशी तळाला लागलं, तेव्हा तिनं आपल्याच बोटांना दोष दिला. कधीतरी डबा शीग लावून भरला असेल. दुसऱ्या पोत्याला ती डबा पट्टीनं सपाट करून भरायला लागली. तेही तेविसाव्या दिवशी खरवडावं लागलं.

ती खाली बसली. पाच पोत्यांत मिळून बारा-तेरा दिवसांचा तांदूळ जात होता. म्हणजे झाडतोड सुरू व्हायच्या आधी बारा दिवस घरात तांदूळ नसणार होता, आणि कनवटीची मूठ तर केव्हाच रिकामी झाली होती. मग तिनं उठून बाकीचं सामान बघितलं. आतापर्यंत ती वरवर बघत होती. आता तिनं साबणांच्या खोक्यात हात घातला. एकोणीस साबण. मिठाचं पोतं खाटेखालून ओढलं, ते अर्ध्याहून कमी. चहाचा डबा हलवला तर आवाज आला नाही.

लेक जेवायला बसला होता, म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. सुनेनं आवाज चढवला नाही. ती पाटावर बसली आणि म्हणाली, ‘आई, मला फक्त खरं सांगा. मी रागावणार नाही.’

ती रागावणार हे तिघांनाही माहीत होतं. म्हातारीनं पदर सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली. साबण तिनं उडवले. मीठ तिनं वाटलं. चहा, साखर तिच्यामुळंच गेली, काड्यापेट्या किती गेल्या ते आठवत नाही. शिंपिणीची पायरी तीनदा धुतली, हेही तिनं लपवलं नाही. सांगता सांगता तिला चोरी कबूल केल्यासारखं वाटण्याऐवजी कामाचा हिशोब दिल्यासारखं वाटायला लागलं. लेकाचा घास हातातच राहिला.

‘आणि तांदूळ?’ सुनेनं विचारलं.

‘तांदळाला मी शिवले नाही.’

‘आई, पोत्यामागं अडीच किलो कमी भरतोय. हवेत तर गेला नाही.’

‘नाही म्हटलं ना. केलं ते केलं म्हणाले. न केलेलं कशाला अंगावर घेऊ?’

सुनेनं मिठाच्या पोत्याकडे बघितलं, मग सासूकडे. ती नजर म्हातारीला चटका बसल्यासारखी लागली. चाळीस वर्षं जिनं दुसऱ्याचं माप तपासलं, तिच्यावर आज कमी मापाचा आळ आला होता. भिंतीला धरून ती उठली. तिसऱ्या पोत्याची शिवण अजून तशीच होती. तिनं त्याचे दोन्ही कान धरले, एक गुडघा पुढं लावला, ‘अगं आई’ म्हणून कळ सोसली आणि पोतं वीतभर उचलून खाली ठेवलं. पुन्हा एकदा उचललं. लेक धावला तर त्याला तिनं कोपरानं बाजूला केलं.

‘हे पंचवीस नाही,’ ती म्हणाली.

अशी पोती उचलून वजन कळत असेल तर काटे कशाला असते, असं सून म्हणाली. म्हातारी म्हणाली, बरोबर आहे तुझं, मग काट्यावर चल.

गावात मोठा काटा एकच होता, आणि तो दुकानात होता. सकाळी गिरणीतली हातगाडी पुन्हा आली. पोतं गाडीवर चढलं, लेक ओढायला, सून शेजारून, आणि म्हातारी पुढं. दीड महिना जिनं दुकानाची पायरी चढली नव्हती ती सून मान खाली घालून चालत होती. दुकानदाराला लांबूनच कळलं. त्यानं हातातलं गिऱ्हाईक संपवलं, मग फडकं घेऊन काटा पुसला, मग पुसलेला पुन्हा पुसला. घाऊक माल घेतलाय म्हणे, असं म्हणाला. स्वस्त पडला असेल, असंही म्हणाला. मग त्यानं काटा रिकामा उभा केला, म्हातारीकडे बघितलं आणि न सांगता दोन पावलं लांब झाला.

पोतं चढलं. काटा साडेबावीसवर थांबला.

दुकानात जमलेल्या चार-पाच माणसांनी एकदम श्वास सोडला. म्हातारीनं सुनेकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. सुनेचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. पोत्यावर ठळक अक्षरांत पंचवीस छापलं होतं. त्यावरून तिनं हात फिरवला. शिवण जुनी नव्हती, दोरा पांढराशुभ्र होता. कुणीतरी उसवून, काढून घेऊन, परत शिवलेलं होतं.

दुकानदाराला खरं म्हणजे उकळ्या फुटायला हव्या होत्या. तशा थोड्या फुटल्याही. पण सुनेच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून तो ओशाळला आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. ‘मी काही गिऱ्हाईक गेल्याचं मनात धरलेलं नाही. आजी तर येतातच. एक दिवसाआड येतात, रिकामी पिशवी घेऊन. बसतात घटकाभर. जातात.’

‘कशाला?’ सुनेनं विचारलं.

‘ते मी कसं सांगू? मलाही आधी कळलं नाही. काही घ्यायचं नसतं त्यांना.’

म्हातारीला पहिल्यांदा लाज वाटली. साबणांची वाटली नव्हती, मिठाची वाटली नव्हती. ती उगाच पोत्याची शिवण तपासायला लागली. सून तिच्याकडे किती तरी वेळ बघत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, पोतं घरी नेऊ नको, उरलेली दोन आणून यावरच ठेव, गिरणीचा ट्रक उद्या बाजारगावाला जातोय का ते विचार. आणि सासूला म्हणाली, ‘आई, उद्या तुम्ही चला माझ्याबरोबर. मला त्या घाऊकवाल्याशी बोलता येणार नाही.’

घाऊक दुकान म्हणजे एक लांबलचक वखार होती. छपरापर्यंत पोत्यांच्या थप्प्या, मधून हमालांची ये-जा, आणि दाराशी गादीवर एक बारीक अंगाचा, फार मऊ बोलणारा व्यापारी. दोन फोनांवर तो एकदम बोलत होता. त्यानं म्हातारीला आजी म्हटलं, सुनेला ताई म्हटलं, पोत्यांकडे बघितलं आणि हसून म्हणाला, की उन्हाळ्यात माल आटतो. सगळ्यांचाच आटतो. त्याला कुणाचा इलाज नाही.

सुनेनं रात्रभर काय काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं त्या मऊ आवाजानं पुसून टाकलं. ती सासूकडे बघायला लागली.

म्हातारी म्हणाली, बरं. तिनं लेकाला सांगून एक पोतं वखारीच्या दारात, बरोबर मधोमध ठेवून घेतलं आणि त्यावर बसली. पिशवी मांडीवर घेतली. हमाल पाठीवर पोतं घेऊन आला, तो थांबला. त्याच्यामागं दुसरा थांबला.

‘आजी, वाट अडतेय,’ व्यापारी म्हणाला.

‘अडू दे की,’ म्हातारी म्हणाली. ‘तुझा तांदूळ आटतो कसा, ते मला बघायचंय. तू त्या आतल्या थप्पीतलं एक पोतं काट्यावर चढव. तेही आटलं असेल तर मी जाते. नाही तर मला घाई नाही. घरी मला काही काम नाही, सुनेला विचार.’

तिला बसता येत होतं. त्या वखारीत हे दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. सगळे घाईचे लोक होते. हमाल ओझ्याखाली वाकलेले, गिऱ्हाइकांचे टेम्पो उभे, फोन वाजत राहिलेले. ती मात्र आल्यागेल्याशी बोलत बसली. कुठून आलात, काय घेतलंत, किती पोती, तोलून घेतलीत का? तिसऱ्या गिऱ्हाइकानं आपलं पोतं काट्यावर ठेवायला सांगितलं. ते चोवीस भरलं. चौथ्यानं दोन ठेवायला सांगितली. व्यापाऱ्याचा आवाज मऊच राहिला, पण कपाळावर घाम आला. त्यानं एक फोन ठेवला. थोड्या वेळानं दुसराही ठेवला.

अर्ध्या तासानं त्यानं कबूल केलं, की आतल्या एका हमालानं घोटाळा केला असावा, आपण बघून घेऊ. हमालांपैकी एकजण जोरात खोकला. म्हातारी म्हणाली, कुणी केला ते तुझं तू बघ, मला पाच पोत्यांचा साडेबारा किलो दे. व्यापारी म्हणाला, दोन पोती तर तुम्ही खाल्लीत, त्यांचा काय पुरावा? तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. रोज एक किलोचा डबा, दुसऱ्या पोत्याला तर पट्टीनं सपाट केलेला, आणि दोन्ही पोती तेविसाव्या दिवशी संपली. तिनं पिशवीतून तो डबा काढून त्याच्यापुढं ठेवला. म्हातारीनं डब्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. ही आपल्या घरात एवढी वर्षं होती आणि आपल्याला कळलंच नाही, असं काहीसं तिच्या तोंडावर आलं.

साडेबारा किलो तांदूळ तोलून मिळाला. तोलताना व्यापाऱ्याला उठून भिंतीपाशी उभं राहावं लागलं, आणि पारड्याखालून म्हातारीनं दोनदा हात फिरवला.

मग ती एकदाची दारातून उठली. वाट मोकळी झाली तसा व्यापाऱ्याला एवढा सुटल्याचा आनंद झाला, की त्याला या दोघींशी सलोखा करावासा वाटला. त्यानं आतून चहाची एक पेटी आणवली. पाच किलो, सीलबंद. आजींसाठी म्हणून त्यानं भाव सांगितला. हवं तर इथंच फोडा, तोला, वास घेऊन बघा, पैसे पुढच्या वेळी दिले तरी चालतील.

भाव ऐकून म्हातारीचे कान उभे राहिले. जन्मभर तिनं चहा पावशेर-पावशेर घेतला होता आणि पावशेरामागं भांडून भांडून जेवढं कमी करून घेतलं होतं, त्याच्या निम्म्यावर हा गडी आपणहून आला होता. यात फसवणूक नव्हती. तिला माणसाचा हरलेला आवाज ओळखता येत होता. तिनं पेटीवर हात ठेवला. घरात चहाचा कण नव्हता, आणि तो कुणी संपवला हे सांगायला नको होतं.

‘चहा नको,’ सून म्हणाली.

‘ताई, हा भाव परत नाही मिळायचा.’

‘माहीत आहे. चहा आम्ही आमच्या गावात घेतो. पन्नास पन्नास ग्रॅम. रोजचा रोज.’

लेकानं बायकोकडे बघितलं. ढीग आणि पिशवीची गोष्ट दीड महिना त्यानं जेवताना ऐकली होती. तो काहीतरी विचारणार होता, पण सुनेनं तांदळाची पिशवी उचलून त्याच्या खांद्यावर ठेवली. म्हातारीचं तोंड बोलायला उघडलं होतं, तेही तिनं मिटून घेतलं. पेटीवरचा हात काढायला तिला जरा वेळ लागला.

गिरणीचा ट्रक यायला अवकाश होता. रस्त्याच्या कडेला एका झाडाची बारकीशी सावली होती, तिथं लेकानं पोती लावली आणि तो ट्रक बघायला पुढं गेला. दोघी पोत्यांवर शेजारी शेजारी बसल्या. ऊन रणरणत होतं. सुनेनं पदरानं सासूला वारा घातला, मग स्वतःला घातला.

‘स्वस्त होता गं,’ शेवटी म्हातारी म्हणाली.

‘हो,’ सून म्हणाली. ‘फारच स्वस्त होता.’